आतड्याची धमनी ‘चिरली’ की ‘फुटली’?

“आतड्याची नस फाटली” असं नातेवाईक एकमेकांना सांगतात. घाईत डॉक्टरही तेवढंच सांगून मोकळे होतात. त्या एका ‘फाटली’त दोन निराळे आजार असतात, म्हणून हा शब्दच मला नको वाटतो.

फुटणं सगळ्यांना कळतं. धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर जातात, रक्त पोटात सांडतं, रुग्ण पांढराफटक पडतो, बीपी कोसळतं. रक्त चढवत तातडीने ऑपरेशन, नाहीतर कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, आतून धमनी बंद करणं.

चिरणं म्हणजे डिसेक्शन. जवळपास सगळं लहान आतडं आणि मोठ्याचा बराचसा भाग सुपीरियर मेसेंटेरिक धमनीवर जगतो. तिचं फक्त आतलं अस्तर चिरतं. कोटाच्या खिशाला भोक पडलं की नाणं अस्तरामागे घरंगळतं. कोट बाहेरून धडच असतो. तसंच रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, तिथे खोटी पोकळी फुगते आणि खरी वाट दाबली जाते. बाहेर थेंबही सांडत नाही, पण आतडं रक्तावाचून तडफडतं.

वेदना अचानक आणि भयंकर, तरी सुरुवातीला हाताला पोट मऊच लागतं. इथेच ‘गॅस’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं, आणि याचा मला मनापासून राग येतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. आतड्यातल्या हवेमुळे धमनी नीट दिसत नाही. साध्या सीटीतही चीर निसटते. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या ठळक दाखवणारं औषध, देऊन केलेली सीटी अँजिओग्राफीच हवी.

चिरलेल्या धमनीच्या बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. तोंडाने काही न देता सलाईन, वेदनाशामक, बीपीवर ताबा आणि काहींना रक्त पातळ ठेवणारं औषध. “फाटलेल्या नसेवर रक्त पातळ करायचं?” असं विचारत नातेवाईक अडतात. फुटलेल्या धमनीत ते जिवावर बेतेल, हे खरंच. पण इथे अरुंद झालेल्या वाटेत गुठळी होऊ नये म्हणून ते देतात.

वेदना थांबेना तर स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी. आतडं काळवंडू लागलं किंवा धमनी पुढे फुटली, तर पोट उघडावंच लागतं. पायातली शीर वापरून बायपास करतात, मेलेलं आतडं काढतात. शंकास्पद भाग मात्र सर्जन मुद्दाम ठेवतात आणि 24 ते 48 तासांनी पोट पुन्हा उघडून बघतात. पहिलं ऑपरेशन फसलं म्हणून नव्हे. रक्त परत मिळाल्यावर जगू शकणारं आतडं वाचावं म्हणून.