ग्राफिक्स कार्ड निवडताना: उतार कुठे, कडा कुठे

गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला की प्रोसेसर ठरतो, रॅम ठरते, कॅबिनेटही ठरतं. गाडी अडते ती ग्राफिक्स कार्डापाशी. मधल्या फळीतली दोन कार्डं समोर असतात, दोन्ही चांगली म्हणून नावाजलेली, आणि दोन्हींच्या तपशिलातले आकडे एकमेकांशी भांडत असतात.

एक खरी जोडी घेऊ. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, त्यात १२ जीबी मेमरी. त्याचंच पुढचं भावंड आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये आलं, त्यात ८ जीबी. पिढी नवी आणि मेमरी कमी! ही जोडी मी मुद्दाम घेतोय, कारण मधल्या फळीतल्या कुठल्याही दोन कार्डांमध्ये जो पेच असतो तो इथे अगदी उघडा दिसतो.

आधी आकडे बघा. ३०६० मध्ये ३५८४ कोअर, म्हणजे गणितं करणारे छोटे घटक, ४०६० मध्ये ३०७२. चिप आणि मेमरी यांना जोडणारा रस्ता, म्हणजे मेमरी बस, जुन्यात १९२ बिट, नव्यात १२८. त्या रस्त्यावरून सेकंदाला जुन्यात ३६० जीबी माहिती जाते, नव्यात २७२. कागदावर जुनं कार्ड जवळपास सगळीकडे पुढे आहे. तरीही बहुतेक खेळांत ४०६० जास्त फ्रेम, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं, देतं.

याची कारणं दोन. पहिलं म्हणजे घड्याळ. जुन्याचे कोअर साधारण १.७८ गिगाहर्ट्झने चालतात, नव्याचे २.४६ ने. प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन गणितं करतो असं धरून गुणाकार केला, तर जुनं कार्ड सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी गणितं करतं आणि नवं १५.१ लाख कोटी. माणसं कमी, पण हात भराभर चालणारे. त्यामुळे दोन वेगळ्या पिढ्यांच्या कोअरची संख्या समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. चिपच्या पोटातच एक छोटा, अतिशय वेगवान साठा असतो, त्याला एल२ कॅश म्हणतात. ३०६० मध्ये तो ३ एमबी होता, ४०६० मध्ये २४ एमबी केला. कारागिराच्या हाताशी खण असावा आणि गोदाम लांब असावं, तसं हे नातं आहे. खण आठपट मोठा झाला की गोदामाच्या फेऱ्या कमी होतात आणि रस्ता अरुंद असला तरी चालून जातं. मात्र चित्राचं रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, जसं वाढतं तसा हाच खण अपुरा पडू लागतो आणि अरुंद रस्ता जाणवायला लागतो. १०८०पी मॉनिटरवर ही युक्ती छान चालते, चौपट पिक्सेलच्या ४के वर तिची दमछाक होते.

मग मेमरी ८ आणि १२ अशी कशी आली? हे गणित सर्किट बोर्डावरच होतं. या पिढ्यांमधल्या मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटचा रस्ता घेते आणि तिच्यात १ किंवा २ जीबी मावतात. १९२ भागिले ३२ म्हणजे सहा चिपा, म्हणून ६ किंवा १२ जीबी. १२८ भागिले ३२ म्हणजे चार चिपा, म्हणून ४ किंवा ८. त्याच जुन्या पिढीत ३०६० टीआय हे अधिक ताकदीचं कार्ड होतं. त्याचा रस्ता २५६ बिटचा, आठ चिपा, प्रत्येकी १ जीबी, म्हणून ८ जीबी. धाकट्याकडे थोरल्यापेक्षा जास्त मेमरी, हा विचित्र प्रकार असा घडला.

आता ही मेमरी भरते कशाने? अनेकांची समजूत असते की मॉनिटर लहान असला की मेमरीही कमी लागते. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर पूर्ण चित्र जेमतेम ८ एमबीचं. वस्तूंचं अंतर, सावल्या, प्रकाश यांचे असे बरेच थर गेमला लागतात, तरी तो खर्च शेकडो एमबीत राहतो. खरी जागा खातात ती टेक्स्चर, म्हणजे भिंतींवर, चेहऱ्यांवर, दगडांवर चढवलेली चित्रं. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्स्चर उघडं ठेवलं तर ६४ एमबीचं होतं. दाबून बसवलं की १६ एमबी. त्याच्याबरोबर त्याच्याच लहान लहान होत जाणाऱ्या प्रती ठेवाव्या लागतात, कारण दूरच्या भिंतीसाठी मोठं चित्र वापरलं तर ती चमचमत राहते. या प्रतींना मिपमॅप म्हणतात. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या या कल्पनेच्या नावातला ‘मिप’ लॅटिनमधल्या ‘थोड्या जागेत पुष्कळ’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला. आणि खरंच, सगळ्या प्रती मिळून जागा फक्त एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे आता २१ एमबी. एका वस्तूला रंग, उंचसखलपणा, खरखरीतपणा, चकाकी असे चार थर द्या, झाले ८५ एमबी. अशा शंभर वस्तू समोर असतील तर ८.५ जीबी. गेम सगळंच एकावेळी पूर्ण आकारात ठेवत नाही, लागेल तसं आणतो आणि टाकतो. पण मेमरी कशी भरत जाते हे यावरून कळेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते ती मेमरी भरल्यावर. चिपची ताकद कमी पडली तर काय होतं? ७० ऐवजी ५८ फ्रेम मिळतात. सावल्या एका पायरीने कमी केल्या की पुन्हा ७०. हा उतार आहे. पाय जपून टाकला की उतरता येतो. मेमरी कमी पडली तर मात्र कडा लागतो. जे मावत नाही ते कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातं आणि दर वेळी मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ओढून आणावं लागतं. ४०६० त्या स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर एका दिशेला सेकंदाला सुमारे १६ जीबी, म्हणजे स्वतःच्या मेमरीच्या सतरापट हळू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात कार्डाच्या मेमरीतून साडेचार जीबी येऊ शकतात, स्लॉटमधून फक्त २६० एमबी. मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीचा असेल तर १३० च. मला हे फार खटकतं, कारण जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड बसवणारा माणूस बहुधा जपून खर्च करणारा असतो आणि नेमका त्यालाच हा कडा जास्त उभा लागतो. ३०६० सोळाही लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याला दुप्पट रुंद वाट मिळते.

मेमरीचा परिणाम एकटा वेगळा काढून बघायचा असेल तर त्याची सोयही झालेली आहे. आरटीएक्स ४०६० टीआय २०२३ मध्ये दोन रूपांत आलं, ८ जीबी आणि १६ जीबी. चिप तीच, कोअर तेच ४३५२, रस्ता तोच १२८ बिटचा. १६ जीबीसाठी बोर्डाच्या मागच्या बाजूलाही चार चिपा बसवल्या, पुढच्या चिपांच्याच रस्त्यात वाटेकरी म्हणून, एवढाच फरक. बहुतेक खेळांत दोन्हींचे आकडे सारखेच येतात आणि ते बघून ‘जास्त मेमरी फुकट’ असा निष्कर्ष लोक काढतात. पण ८ जीबी ज्या खेळात ओलांडले जातात तिथे एक सुरळीत चालतं आणि दुसरं गचके खातं. मधलं बहुधा काही नसतं.

आणि हे गचके सरासरीत लपतात. समजा १०० फ्रेमपैकी ९९ प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि एक १०० मिलिसेकंदांत. एकूण १०९० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी जवळपास ९२ फ्रेम. दुसऱ्या कार्डाने प्रत्येक फ्रेम नेमाने १४ मिलिसेकंदांत दिली तर सरासरी ७१. कागदावर पहिलं जिंकलं. पण खेळताना पहिल्यावर दर सेकंदाला एक ठेच लागते, आणि वळणावर गाडी वळवत असताना ती लागली की हात चुकतो. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या समीक्षकाने सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून चांगल्या परीक्षणांत सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ हा आकडा येऊ लागला. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या हे तो सांगतो. दोन कार्डांची तुलना वाचताना मी नजर आधी तिथे नेतो.

तोही आकडा एका ठिकाणी फसतो. काही गेम मेमरी कमी पडली की गचका न देता गुपचूप टेक्स्चर उतरवतात. तुम्ही भिंतीजवळ जाता, तिच्यावरची पाटी पाण्यात भिजल्यासारखी पुसट दिसते, दोन-तीन सेकंदांनी अक्षरं उमटतात, कधी उमटतच नाहीत. आलेखात सगळं आलबेल. हे डोळ्यांनीच बघावं लागतं. उलट बाजूही सांगायला हवी: १२ जीबीच्या कार्डावर एखादा गेम ९ जीबी घेतो असं पडद्यावर दिसलं म्हणून तो ८ मध्ये चालणार नाही असं नाही. जागा मोकळी असली की गेम ती अडवून ठेवतात. अडवलेली जागा आणि खरी गरज वेगळी.

४०६० च्या बाजूने बोलायचं तर डीएलएसएस या एनव्हिडियाच्या एआय तंत्रातली फ्रेम जनरेशन त्याच्याकडे आहे, ३०६० कडे नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालायची, म्हणजे दुसरी खरी फ्रेम क्षणभर रोखून धरायची. दिसतं मऊ, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद सुधारत नाही, आणि या कामाला मेमरीही जास्तीची लागते. मुळात ५०-६० फ्रेम मिळत असतील तरच तिचा उपयोग. विजेचा मुद्दा मात्र भक्कम आहे: ११५ वॉट विरुद्ध १७०. रोज चार तास पूर्ण ताकदीने खेळलात तर वर्षाला ८० युनिटचा फरक, शिवाय उष्णता कमी आणि पंख्याचा आवाजही कमी.

मग घ्यावं कुठलं? मॉनिटर १०८०पी, मदरबोर्ड चौथ्या पिढीचा आणि खेळ वेगवान नेमबाजीचे असतील तर माझ्या मते ४०६०. अशा खेळांना टेक्स्चरची हाव नसते. इतर खेळांतही टेक्स्चर एका पायरीने खाली आणलं, ४०९६ चं २०४८ केलं, तर जागा एक चतुर्थांश होते. आणि जो पडदाच १९२० पिक्सेल रुंद आहे त्यावर फरक शोधावा लागतो. बोर्ड जुना असेल, मोठी मोकळी जगं फिरायला आवडत असतील, किंवा त्याच मशीनवर थ्रीडी रेंडरिंगही करायचं असेल तर मी ३०६० घेईन आणि उतारावरून चालेन. एकाच चिपची दोन रूपं समोर असतील आणि झेपत असेल, तर जास्त मेमरीचं घ्यायला मी दोनदा विचार करणार नाही.

घेतल्यावर, परत करायची मुदत असेपर्यंत, एवढं करा. पडद्यावर फ्रेम-टाइमचा आलेख लावा आणि तुमच्या सगळ्यात जड गेममधल्या सगळ्यात गजबजलेल्या भागात अर्धा तास फिरा. मेमरी हळूहळू भरते, तीन मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजायच्या ठरावीक चाचणीत, ती भरेलच असं नाही. विसाव्या मिनिटाला रेषेवर सुया उभ्या राहू लागल्या, तर टेक्स्चर एक पायरी उतरवून गेम पुन्हा सुरू करा. सुया गेल्या तर कमी पडत होती ती मेमरी. तशाच राहिल्या तर प्रोसेसर आणि रॅम तपासा, कार्ड बदलून बहुधा काही होणार नाही.