लेडव्हिलचं टेबर यांचं घर: सहलीआधी थोडी माहिती

कोलोरॅडो सहलीतल्या आमच्या प्रवाशांसाठी

लेडव्हिलला उतरल्यावर टेबर ऑपेरा हाऊसची उंच इमारत लगेच नजरेत भरते. तिथून जवळच, ईस्ट फिफ्थ स्ट्रीटवर, लाकडी फळ्यांचं एक साधं घर आहे. आपण तिथे मुद्दाम थांबणार आहोत.

होरेस आणि ऑगस्टा टेबर १८६० मध्ये लहान मुलाला घेऊन इथल्या घळीत सोनं शोधायला आले. सोनं धुताना लाकडी पन्हळीत जड काळी वाळू साचायची. ती उपसता उपसता लोक वैतागायचे. तिच्यात शिसं आणि चांदी आहे, हे कळायला पुढची पंधरा-एक वर्षं गेली!

तोवर संसार तगला तो ऑगस्टाबाईंमुळे. खाणकामगारांसाठी खाणावळ, पाव भाजणं, टपाल, दुकान, सोन्याची वजनं, सगळीकडे त्यांचा हात होता. हे घर १८७७ सालचं, म्हणजे पैसा येण्याआधीचं. आमच्या मते त्याचं मोल यातच आहे.

१८७८ मध्ये होरेसनी दोघा खाणशोधकांना दुकानातून उधार शिधा आणि अवजारं दिली. काही सापडलं तर तिसरा हिस्सा, असा करार. त्यांना ‘लिटल पिट्सबर्ग’ ही चांदीची खाण लागली आणि दुकानदार लखपती झाले. हे घर आधी हॅरिसन ॲव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर होतं. १८७९ मध्ये तिथे ऑपेरा हाऊस झालं आणि घर आहे तसं उचलून आत, आजच्या जागी आणलं. लाकडी सांगाड्याची घरं तेव्हा जॅकने उचलून ओंडक्यांवरून सरकवत नेत.

१८८३ मध्ये घटस्फोट झाला आणि होरेसनी तरुण ‘बेबी डो’शी लग्न केलं. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले, त्यात त्यांचं सगळं गेलं. ऑगस्टाबाईंनी मात्र वाट्याला आलेला पैसा नीट राखला, वाढवला. १८९५ मध्ये त्या वारल्या तेव्हा चांगल्या श्रीमंत होत्या.

घर आपण बाहेरूनच बघणार आहोत. गाव सुमारे ३,१०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तेव्हा सावकाश चाला, पाणी पीत राहा आणि डोकं दुखायला लागलं तर लगेच आमच्या माणसाला सांगा.