काट्यावर ९०० ग्रॅम, बिलात ६ किलो: ऑनलाइन विक्रेत्यांसाठी वजनमर्यादा, शिपिंग खर्च आणि कागदपत्रं

कागदी लॅम्पशेडचं एक पार्सल मी काट्यावर ठेवलं, ९०० ग्रॅम भरलं. एक किलोचं लेबल काढलं आणि पाठवून दिलं. दहा-बारा दिवसांनी हिशेबात त्याच पार्सलचे सहा किलोचे पैसे कापलेले दिसले. कुरिअरचा काटा बिघडलाय असं समजून मी तावातावाने तक्रार लिहायला बसलो. तक्रारीच्या फॉर्ममध्ये लांबी, रुंदी, उंची विचारली होती, म्हणून मोजपट्टी घेतली: ३२, ३२, २८ सेंटीमीटर. गुणाकार २८,६७२. त्याला ५,००० ने भागलं तर ५.७३ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने पुढे ढकललं की सहा. त्यांचा काटा ठीक होता, माझा खोका मोठा होता.

या धंद्यात वजन तीन प्रकारचं असतं. काट्यावरचं ते प्रत्यक्ष वजन, ज्याला सगळे डेड वेट म्हणतात. खोक्याने व्यापलेल्या जागेवरून काढतात ते व्हॉल्यूमेट्रिक: लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले एक ठरलेला आकडा, म्हणजे भाजक. या दोघांत जे जास्त, ते चार्जेबल, आणि पैसे त्याचेच लागतात. विमान किंवा ट्रक वजनाने भरण्याआधी जागेने भरतो, हे त्यामागचं साधं कारण. एक्सप्रेस कुरिअरमध्ये भाजक बहुधा ५,००० असतो, विमानाच्या मालवाहतुकीत ६,०००. भाजक जितका लहान तितकं तुमचं वजन जास्त, म्हणून दरपत्रकात दराच्या आधी भाजक बघावा. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स जमिनीवरच्या सेवेत हा हिशेब पूर्वी फक्त मोठ्या खोक्यांना लावत. २०१५ सुरू होताना त्यांनी तो सरसकट सगळ्यांना लावला. २०२५ च्या ऑगस्टपासून तर प्रत्येक बाजूचा अपूर्णांक वरच्या पूर्ण इंचात धरतात. ११.१ इंच म्हणजे १२.

एका सेंटीमीटरने काय होतं ते बघा. ४० × ३० × २० चा खोका म्हणजे ४.८ किलो, टप्पा पाच किलोचा. आता आत बबल रॅप जरा जास्त कोंबला आणि झाकण मधोमध फुगलं. उंची झाली २१. वजन ५.०४, टप्पा साडेपाच. हबमध्ये, म्हणजे कुरिअरच्या पार्सलं वेगळी करण्याच्या केंद्रात, पट्ट्यावरून पार्सल जाताना यंत्र सर्वात उंच बिंदू धरतं, खोक्यावर छापलेलं माप नाही. म्हणून चिकटपट्टी लावून झाल्यावर, फुगवट्यासकट मोजायचं. खोका बनवणाऱ्याने दिलेलं माप अनेकदा आतलं असतं, त्यावर तर अजिबात विसंबू नका.

पात्रतेचा भाग सोपा आहे. मार्केटप्लेसच्या, म्हणजे ज्या साइटवर तुम्ही विकता तिच्या, ठरलेल्या दरांत शिपिंग मिळायला विक्रेता खातं पडताळलेलं लागतं: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बँक खातं, आणि जिथे लागू असेल तिथे कर नोंदणी. खात्यावरचं, बँकेतलं आणि कर नोंदणीवरचं नाव अक्षरशः एक असावं. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. पिकअपचा आणि परतीचा पत्ता वेगळा असेल तर दोन्ही आधीच नोंदवा. मग प्रत्येक वस्तूपुढे पॅक केलेलं वजन आणि माप भरायचं. इथे लोक वस्तूचं वजन भरतात, पार्सलचं नाही, आणि पुढच्या सगळ्या कापाकापीचं मूळ तिथे असतं.

वजनाची कमाल मर्यादा सेवेनुसार बदलते, पण आकडे ३० किलोच्या आसपास का घुटमळतात याला कारण आहे: एका माणसाला उचलता आलं पाहिजे. अमेरिकी टपाल खात्याची मर्यादा ७० पौंड, म्हणजे पावणेबत्तीस किलो. ॲमेझॉनच्या गोदामात माल पाठवताना एका खोक्यात अनेक नग असतील तर तिथे ५० पौंडांवर, म्हणजे साधारण २३ किलोवर जाता येत नाही. एकच नग त्याहून जड असेल तर खोक्यावर दोघांनी उचलायची सूचना चिकटवावी लागते. वजनाइतकीच लांबी आणि घेराची मर्यादाही असते. सर्वात लांब बाजू अधिक उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेची दुप्पट, हे ते माप. पडद्याची दांडी हलकी असूनही नाकारली जाते ती यामुळे.

खर्चात वजनाचा टप्पा आणि अंतराचा झोन हे दोन मोठे घटक. त्यावर इंधन अधिभार टक्क्यांत बसतो, दुर्गम पत्त्याचा वेगळा, अवजड मापाचा वेगळा. लेबल काढताना दिसते ती रक्कम तुम्ही भरलेल्या मापावरचा अंदाज असतो. खरी रक्कम हबमधल्या मोजणीनंतर ठरते आणि फरक पुढच्या सेटलमेंटमधून, म्हणजे साइटकडून तुम्हाला मिळणाऱ्या पैशांतून, कापला जातो. माझ्या लॅम्पशेडचा खोका मी नंतर २६ × २६ × २४ चा केला, तर सहाचे साडेतीन किलो झाले. वस्तू तीच, पॅकिंगही पुरेसं. आधी मी चौफेर हवा पाठवत होतो.

आता वजनाचा वाद. हबमध्येही चुका होतात: दोन पार्सलं चिकटून गेली, लेबल दुसऱ्याच्या खोक्यावर स्कॅन झालं. तक्रारीचा अर्ज विक्रेता पॅनेलमधूनच, म्हणजे साइटवरच्या तुमच्या खात्यातूनच, करायचा असतो आणि मुदत थोडी असते, बहुधा दिवसांत मोजण्याइतकी. सूचना आल्याच्या दिवशीच तारीख लिहून ठेवा. जोडायचे फोटो मात्र वाद उठल्यावर काढता येत नाहीत, कारण पार्सल तोवर गेलेलं असतं. म्हणून पॅकिंगच्या टेबलावरच काढायचे: काट्यावर ठेवलेलं बंद पार्सल, आकडा आणि लेबलचा बारकोड एकाच चौकटीत, मग तिन्ही बाजूंना मोजपट्टी लावून एकेक, शून्याचं टोक आणि शेवटचा आकडा दोन्ही दिसतील असे. बारकोड न दिसणारा फोटो फुकट. तो कुठल्याही खोक्याचा असू शकतो, असं उत्तर मला एकदा आलं आहे आणि त्यात चूक काहीच नव्हती. सोबत वस्तूचं बिल आणि त्याच वस्तूच्या आधीच्या पार्सलांचं मान्य झालेलं वजन जोडलं तर अर्ज भक्कम होतो. काट्याचा पडदा फोटोत चकाकतो, फ्लॅश बंद ठेवा.

परदेशी पाठवताना कागद वाढतात. टपालाने जाणाऱ्या छोट्या पाकिटाची आंतरराष्ट्रीय मर्यादा २ किलो. तिन्ही बाजूंची बेरीज ९० सेंटीमीटर आणि कुठलीही एक बाजू ६० पेक्षा जास्त नको. हलक्या पण फुगीर वस्तूंना हा मार्ग अनेकदा स्वस्त पडतो, कारण इथे सहसा काट्यावरचंच वजन धरतात. त्यापुढे पार्सल सेवा. २० किलोच्या पुढे घ्यायचं की नाही हे त्या त्या देशाचं टपाल ठरवतं.

छोट्या पाकिटावर सीमाशुल्काचा सीएन २२ फॉर्म लागतो. मालाची किंमत ३०० एसडीआरच्या वर गेली की सीएन २३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा दर रोज बदलतो. फॉर्मवर वस्तूचं नेमकं वर्णन हवं. 'सामान' किंवा 'भेटवस्तू' लिहिलं की पार्सल अडकलंच म्हणा. 'सुती शर्ट, होजिअरीचा नाही, पुरुषांचा, २ नग' असं लिहायचं, शेजारी सहा आकडी एचएस कोड (सीमाशुल्कासाठी वस्तूच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), निव्वळ वजन आणि किंमत. २०२१ पासून ही माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून पुढे जाणं बंधनकारक आहे, त्यामुळे हाताने भरलेला कागद पुरत नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोखालची व्हॅट सूट काढली आणि अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरखालची शुल्कमाफी थांबवली. खरेदीदाराला दारात कर भरावा लागला तर तो पार्सल नाकारतो आणि परतीचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो. कर कोण भरणार ते लिस्टिंगमध्येच लिहा.

बॅटरीवाल्या वस्तूंची चौकशी लेबल काढण्याआधी करा. सुट्या लिथियम-आयन बॅटरींना प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. उपकरणात बसवलेली बॅटरी चालते, पण टपालाने एका पाकिटात चार सेल किंवा दोन बॅटऱ्या एवढ्याच. अत्तर ज्वालाग्राही, नेलपॉलिशही. बाटली केवढीशी आहे हा युक्तिवाद काउंटरवर चालत नाही.

परतीचं पार्सल हा राहून जाणारा खर्च. खरेदीदार वस्तू हाताला येईल त्या खोक्यात घालतो, आणि त्या खोक्याच्या मापाचे पैसे तुमच्याकडून जातात. मी आता खोक्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीची दुसरी पट्टी लावतो, वरचा कागद न काढता, आणि शेजारी लिहितो: परत करायचं असल्यास हाच खोका वापरा.