मनगटाच्या हाडांची पुनर्रचना

हाताला जबर मार लागून मनगटातली लहान हाडे मोडतात, निखळतात किंवा चुरडली जातात. ती मूळ जागी बसवणे, तुटलेले अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे) जोडणे आणि झिजलेल्या वा गमावलेल्या हाडाची जागा भरून काढणे या शस्त्रक्रियांना मिळून मनगटाच्या हाडांची पुनर्रचना म्हणतात. हाडे नुसती जुळून येणे इथे पुरत नाही. त्यांचे एकमेकांशी असलेले कोन बिघडले, तर जुळलेले मनगटही काही वर्षांत झिजून दुखू लागते.

मनगटात आठ हाडे दोन ओळींत असतात. कोपराकडच्या ओळीत स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम व पिसिफॉर्म, तर बोटांकडच्या ओळीत ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट व हॅमेट. यांतल्या पहिल्या तिघांना कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) चिकटत नाहीत. शेजारची हाडे ढकलतील तशी ती कलतात, आणि त्यांना ताब्यात ठेवतात ते अस्थिबंध. स्कॅफॉइड दोन्ही ओळींना सांधून असते. ते मोडले किंवा त्याचा ल्युनेटशी असलेला बंध तुटला, की ल्युनेट हाताच्या पाठीकडे तोंड करून कलते आणि सगळी मांडणी ढासळते.

मनगटात मोडणाऱ्या हाडांत स्कॅफॉइडचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, आणि न जुळण्याबद्दल बदनामही तेच. त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे ८० टक्के भाग कूर्चेने झाकलेला असल्याने रक्तवाहिन्यांना शिरायला जागा थोडी. मुख्य वाहिनी हाताच्या पाठीकडच्या उंचवट्यावरून शिरते आणि उलट दिशेने, कोपराकडच्या टोकाला रक्त पोचवते. हाडाच्या मधल्या अरुंद भागात, म्हणजे कंबरेशी, मोड झाली की या टोकाचा पुरवठा तुटतो. मोड जितकी टोकाजवळ, तितका हाड मृत होण्याचा धोका मोठा.

दुखापत बहुधा तळहात टेकून पडल्याने होते. अंगठ्याच्या मुळाशी, दोन कंडरांमधल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी मोड नाही असे समजू नये. प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा लगेच एमआरआय करतात. ल्युनेटभोवतीची हाडे निखळल्याचे निदान तर सुमारे चौथाई रुग्णांत सुरुवातीला सुटून जाते. बाजूने काढलेल्या एक्स-रेत रेडियस (कोपरापासून मनगटापर्यंतचे अंगठ्याकडचे हाड), ल्युनेट आणि कॅपिटेट एका रेषेत आहेत ना, एवढे पाहिले तरी यातली बरीच चूक टळते. स्कॅफॉइड व ल्युनेट यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट, किंवा त्यांच्यातला कोन नेहमीच्या ३० ते ६० अंशांऐवजी ७० च्या वर असेल, तर अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यावा.

मोड १ मिमीपेक्षा जास्त सरकलेली असेल, कोपराकडच्या टोकाला असेल किंवा सोबत सांधा निखळला असेल, तर स्क्रू बसवतात. शल्यविशारद टिमोथी हर्बर्ट यांनी विकसित केलेल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिनडोक्याच्या स्क्रूने हे काम सोपे केले. त्याच्या दोन टोकांच्या आट्यांचे अंतर वेगळे असते. पुढच्या टोकाचे आटे विरळ असल्याने ते प्रत्येक फेऱ्यात मागच्यापेक्षा जास्त पुढे सरकते आणि दोन तुकडे आपोआप एकमेकांवर आवळले जातात. डोके नसल्याने तो कूर्चेखाली पूर्ण बुडवता येतो.

कंबरेच्या मोडीला तळहाताच्या बाजूने, तर कोपराकडच्या टोकाला हाताच्या पाठीच्या बाजूने जाणे सोयीचे. आधी बारीक मार्गदर्शक तार हाडाच्या मध्य अक्षातून घालून सी-आर्म या शस्त्रक्रियेतल्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली सर्व बाजूंनी तपासतात. तारेवरून मोजलेल्या लांबीपेक्षा स्क्रू सुमारे ४ मिमी आखूड घेतात. मोजमापाबरहुकूम घेतला तर टोक सांध्यात येऊन समोरची कूर्चा खरवडते. पाठीकडून जाताना मनगट पूर्ण वाकवलेले असते. अशा वेळी तार सांध्यातच असताना मनगट सरळ केले, की ती वाकते किंवा तुटते. म्हणून आधी ती तळहाताकडून बाहेर काढून मागचे टोक हाडात बुडेपर्यंत ओढून घेतात, आणि मगच मनगट सरळ करून एक्स-रे पाहतात.

न जुळलेल्या जुन्या मोडीत तळहाताकडचा भाग झिजून हाडाला कुबड येते. इथे क्रम महत्त्वाचा. प्रथम मनगट वाकवून ल्युनेट रेडियसच्या रेषेत आणतात आणि तारेने तात्पुरते रोवतात. मग मनगट सरळ केले की मोडीच्या जागी खरी पोकळी उघडते. ती मोजून कमरेच्या हाडातून पाचरीच्या आकाराचा तुकडा घेऊन बसवतात व स्क्रू घालतात. आधी पोकळी भरून नंतर कोन सुधारू म्हटले तर जमत नाही. टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा दंडावरचा पट्टा) सोडल्यावर कोपराकडच्या तुकड्यातून रक्ताचे बारीक थेंब उमटले नाहीत, तर रक्तवाहिनीशिवाय बसवलेल्या हाडाच्या साध्या कलमावर भिस्त ठेवणे धोक्याचे. तेव्हा रेडियसमधून किंवा मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकातून रक्तवाहिनीसह हाड घेतात.

ल्युनेटभोवतीची निखळण ही तातडीची बाब आहे, कारण मनगटातून तळहातात जाणारी मीडियन नस दाबली जाते. बोटांना ताण देऊन सांधा लगेच बसवतात, पण तो तसा टिकत नाही. पाठीकडून उघडून स्कॅफॉइड-ल्युनेट बंध हाडात रोवलेल्या अँकरने (दोरा जोडलेल्या लहान खिळीने) शिवतात. नसेवर दाब असेल तर तळहाताकडून कार्पल टनेल, म्हणजे ही नस जाते तो मनगटातला अरुंद मार्गही, उघडतात. स्कॅफॉइड-ल्युनेट, ल्युनेट-ट्रायक्वेट्रम आणि दोन ओळींमधला सांधा तारांनी रोवून ८ ते १२ आठवडे ठेवतात. त्वचेबाहेर ठेवलेल्या तारांच्या मुळाशी संसर्ग होतो, तेव्हा तेथील स्वच्छता हे वेळ घालवण्याचे काम समजू नये.

यंत्रात हात सापडला असेल, तर आधी जखम धुऊन मृत ऊतक काढणे आणि हाडांचा सांगाडा स्थिर करणे. कंडरा, रक्तवाहिन्या व नसा त्यानंतर. मळलेल्या जखमेत पहिल्याच दिवशी हाडाचे कलम करण्याचा मोह टाळावा. जागा तारांनी किंवा बाहेरच्या फ्रेमने राखून संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर ते करतात.

बोटे दुसऱ्या दिवसापासून हलवायला हवीत. मनगट शाबूत राहून बोटे आखडलेला हात फारसा कामाचा नसतो. कंबरेची मोड ८ ते १२ आठवड्यांत जुळते, टोकाची कित्येक महिने घेते. जुळल्याची खात्री सीटी स्कॅनवर करावी, कारण साधा एक्स-रे फसवतो. धूम्रपान चालू असेल तर न जुळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते.

सांधा झिजल्यावर मूळ रचना परत आणण्याचा प्रयत्न सोडावा लागतो. कॅपिटेटच्या माथ्याची कूर्चा चांगली असेल, तर कोपराकडची ओळ काढून टाकता येते. ती खराब असेल, तर फक्त स्कॅफॉइड काढून ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, कॅपिटेट व हॅमेट ही चार हाडे एकत्र जुळवतात. दोन्हींत मनगटाची निम्म्याच्या आसपास हालचाल उरते. हेही जमण्यासारखे नसेल, तर पूर्ण मनगट प्लेट लावून किंचित मागे कललेल्या, १० ते १५ अंशांच्या स्थितीत कायमचे जुळवतात. सरळ किंवा पुढे वाकलेल्या मनगटात मूठ तितकी घट्ट आवळता येत नाही, म्हणून हा कोन.