राई आणि रॉक: अडलं ते गंधारावर

राई म्हणजे अल्जीरियातलं लोकप्रिय गाणं. तिचा जुना काळ थोडक्यात सांगून संपतो. अल्जीरियाचा ओरान प्रांत, गस्बा नावाची बोरूची बासरी, ग्वेलाल हे चर्मवाद्य, आणि लग्नांत, गुत्त्यांत बिनधास्त गाणाऱ्या बायका. १९६०च्या दशकात ट्रम्पेट आणि अकॉर्डियन आले, १९७०च्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर आणि ड्रम मशीन. पण रॉकशी खरी गाठ पडली ती फ्रान्समध्ये. १९८०मध्ये लिऑंच्या परिसरात स्थलांतरितांच्या मुलांनी अरबीत गाणारा रॉक बँड काढला. १९८५मध्ये ओरानला राईचा पहिला महोत्सव झाला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यीत राईला फ्रेंच मंच मिळाला.

ध्वनिमुद्रणात घोळ होतो तो गंधाराचा. मकाम म्हणजे अरबी संगीतातली राग-थाटासारखी स्वररचना. रास्त नावाच्या मकामाचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध, षड्जापासून साधारण ३५० सेंटवर लागतो (१०० सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). गिटारच्या पडद्यांवर मिळतात ३०० आणि ४००. मेजर कॉर्ड धरली की गायकाचा गंधार उतरलेला वाटतो, मायनर धरली की चढलेला. त्यात डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम, घातलं तर ५० सेंटांचा फरक चक्क गुरगुरतो. यावर रॉकवाल्यांकडे उपाय आयताच होता: पॉवर कॉर्ड. सा आणि प एवढेच स्वर घ्यायचे, ग गायकाला सोडून द्यायचा. बयाती या दुसऱ्या मकामात हीच अडचण रिषभाची; तिथे कोमल रिषभाची तार ५० सेंट वर खेचावी लागते. सावकाश आलापीत ते जमतं, जलद तानेत हात पोचत नाही. तिसरी वाट म्हणजे चालच हिजाज किंवा कुर्द या मकामांत न्यायची. या दोन्हींचे स्वर कीबोर्डच्या पट्ट्यांवर जवळपास बसतात, म्हणून निर्मात्यांचा ओढा तिकडेच राहिला.

रॉकने पाव-स्वर, म्हणजे पट्ट्यांच्या मधे पडणारे हे स्वर, मारले, असं कर्मठांचं म्हणणं. आकाशवाणीवरची पेटीबंदी आठवणाऱ्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. पण तक्रार निम्मीच खरी आहे. अल्जीरियाच्या अंदलुसी या अभिजात परंपरेत मुळात पाव-स्वर वापरत नाहीत. ते मुख्यतः इजिप्तच्या तबकड्या आणि चित्रपटांतून तिथल्या लोकप्रिय गाण्यात आले. परकं म्हणायचं तर दोन्ही परकंच.

त्यामानाने तालाची मोडतोड जास्त झाली आणि बोललं गेलं कमी. मगरेबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, ६/८ तालात तीन आणि दोनचे भाग एकाच वेळी चालतात. त्यावर रॉकच्या सवयीने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर ठोकला की तीनचं अंग दबतं आणि गाणं कवायत करायला लागतं. ग्नावा या मोरोक्कोच्या परंपरेतल्या वादनात तर क्राकेब या लोखंडी करतालांचे ठोके सोळांश आणि त्रिमात्रिक विभागणीच्या मध्ये पडतात. क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठरावीक टिकटिकीवर, मुद्रण केलं की ते कुठल्याच चौकटीत बसत नाहीत आणि संपादनात 'सरळ' केले की निर्जीव होतात. म्हणून आधी गेंब्री (ग्नावाचं कातडं मढवलेलं, खर्जातलं तंतुवाद्य) आणि क्राकेब एकत्र मुद्रित करावेत, ड्रम नंतर त्यांच्या मागे चालवावेत. मंचावर गेंब्रीच्या कातड्यावर पिकअप लावला तर मॉनिटरसमोर ती घुमायला लागते. तिथे खालच्या फ्रिक्वेन्सी कापाव्या लागतात.

१९९०च्या दशकात अल्जीरियात गायक आणि निर्माते मारले गेले, बरेच जण फ्रान्सला निघून गेले, आणि पुढची मोठी मुद्रणं देशाबाहेर झाली. खालेदचं १९९२चं 'दीदी' हे गाणं आपल्याकडेही वाजलं. १९९८च्या सप्टेंबरात पॅरिसच्या बेर्सी सभागृहात तीन गायक मोठ्या वाद्यवृंदासह उभे राहिले. तिथे तंतुवाद्यांच्या पूर्ण ताफ्याने गंधार हवा तिथे धरला, कारण व्हायोलिनला पडदे नसतात.