निर्यातप्रधान औद्योगिक क्षेत्र : बेळगाव सीमाभाग

परदेशी बाजारपेठेसाठी माल तयार करणाऱ्या कारखान्यांकरिता कुंपण घालून वेगळी काढलेली, आणि व्यापार व करांच्या बाबतीत देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरची मानली जाणारी जागा म्हणजे निर्यातप्रधान औद्योगिक क्षेत्र होय. भारतात अशा क्षेत्रांची सुरुवात 1965 मध्ये गुजरातेतील कांडला येथे झाली व ते आशियातील असे पहिले क्षेत्र मानले जाते. मुंबईत अंधेरीचे ‘सीप्झ’ 1973 मध्ये उभे राहिले. अशा क्षेत्रांसाठीचा विशेष आर्थिक क्षेत्र कायदा 2005 मध्ये संमत होऊन 10 फेब्रुवारी 2006 पासून लागू झाला आणि त्यानंतर खाजगी विकासकांनाही अशी क्षेत्रे उभारणे सोपे झाले. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगी येथील क्षेत्र याच काळातले आहे.

हत्तरगीचे क्षेत्र पुणे–बंगळूर महामार्गावर, बेळगावच्या उत्तरेस सुमारे 35 किमी अंतरावर, संकेश्वरच्या अलीकडे आहे. त्याचा विस्तार सुमारे 250 एकर असून एक्वस ही कंपनी त्याची विकासक आहे. अचूक अभियांत्रिकीसाठी अधिसूचित झालेले ते देशातील पहिले क्षेत्र म्हणून ओळखले जाते. विमानाच्या सुट्या भागांचे घडकाम, यंत्रण (यंत्रावर कापून आकार देणे), पृष्ठप्रक्रिया (पृष्ठभागावर लेप वा थर चढवणे) आणि जोडणी ही कामे तेथे एकाच आवारात होतात. एरवी असा एखादा भाग एका देशात घडवला जातो, दुसऱ्यात कापला जातो आणि तिसऱ्यात त्यावर लेप चढतो. हत्तरगीत हा प्रवास काही शेडपुरता उरतो आणि या क्षेत्राचे खरे बळ करसवलतींपेक्षा या एकत्रपणात आहे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे फाटक. नियमांनुसार उत्पादनाच्या भागाभोवती किमान 2.4 मीटर उंचीची भिंत किंवा जाळी असावी लागते व ये-जा ठरावीक दारांतूनच होते. न्हावा शेवा बंदरात उतरलेली ॲल्युमिनियमची किंवा टायटॅनियमची लादी सीमाशुल्क न भरता, सीलबंद वाहनातून या दारापर्यंत येते. तेथे कागदपत्रे व सील तपासून माल आत घेतला जातो आणि कारखान्याने दिलेल्या हमीपत्राच्या खात्यावर त्याची नोंद पडते. देशातल्या पुरवठादाराकडून आत जाणारा मालही जीएसटीच्या दृष्टीने शून्यदराचा, म्हणजे जवळजवळ निर्यातीसारखाच, धरला जातो. उलट आतला माल देशात विकायचा झाला, तर तो जणू परदेशातून आल्याप्रमाणे खरेदीदाराला त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. प्रत्येक कारखान्याने पाच वर्षांच्या एकत्रित हिशेबात आयातीवर खर्च केले त्यापेक्षा अधिक परकीय चलन मिळवले पाहिजे, अशी अट असते. यंत्रसामग्रीची किंमत या हिशेबात एकदम न धरता दहा वर्षांत विभागून धरतात. परवानगी देणे, हिशेब तपासणे आणि अट मोडल्यास कारवाई करणे हे विकास आयुक्तांचे काम असून कर्नाटकातील क्षेत्रांचा कारभार कोचीच्या विकास आयुक्तालयाच्या अधिकारात येतो.

आयकरातील सवलत पहिली पाच वर्षे निर्यातीच्या नफ्यावर पूर्ण, पुढची पाच वर्षे निम्मी आणि त्यानंतरची पाच वर्षे नफा पुन्हा गुंतवल्यास निम्म्यापर्यंत, अशी होती. 2020 नंतर सुरू होणाऱ्या नव्या कारखान्यांना ती मिळत नाही. तरीही हत्तरगीसारखी क्षेत्रे टिकून आहेत. केवळ कर वाचवण्यासाठी उद्योग येथे येतात, हा समज त्यामुळे पुरा खरा ठरत नाही.

आतल्या कामाचे स्वरूप पाहिल्याशिवाय भोवतालच्या परिणामांचा अंदाज येत नाही. विमानाचा कंस (ब्रॅकेट) किंवा पंखातील आधारपट्टी घडीव वा सपाट लादीतून कोरून काढावी लागते, आणि मूळ धातूचा निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा चिप्सच्या रूपाने यंत्राखाली गोळा होतो. चिप्स मिश्रधातूनुसार वेगळ्या ठेवल्या, तरच त्यांना चांगला भाव येतो. एका डब्यात दोन प्रकार मिसळले की संपूर्ण डब्याची किंमत कोसळते. प्रत्येक भागाबरोबर कागदांचा संच फिरतो: धातू कोणत्या ओतीचा, कोणत्या यंत्रावर कोणी कापला, कोणत्या टाकीत किती वेळ बुडवला, मोजणीत काय आढळले. हा माग तुटला, तर भाग निर्दोष असूनही भंगारात जातो.

याच शिस्तीमुळे हत्तरगीचे बेळगावच्या उद्यमबागेशी असलेले नाते गुंतागुंतीचे झाले आहे. उद्यमबाग, मच्छे व होनगा या वसाहतींत फौंड्री, पंप, हायड्रॉलिक्स आणि वाहनांच्या सुट्या भागांची परंपरा कित्येक दशकांची आहे. लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगवर हात बसलेले कामगार तेथेच घडले. क्षेत्रातील कारखान्याला बाहेर जॉबवर्क देण्याची, म्हणजे कामाचा काही भाग बाहेरच्या कारखान्याकडून करून घेण्याची, मुभा नियमांत आहे व असा माल साधारणपणे 120 दिवसांत परत यावा लागतो. पण विमानाच्या कामात ग्राहकाने प्रक्रिया, यंत्र आणि कारागीर यांना आधी मान्यता द्यावी लागते. दोन सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्रे घेऊन बसलेल्या छोट्या कारखानदाराला त्या मान्यतेचा खर्च आणि वर्षानुवर्षांची वाट पाहणे पेलत नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याला जिग व फिक्स्चर (भाग पकडून ठेवण्याची साधने), पॅकिंग व देखभालीची कामे येतात, आणि त्याचा तयार झालेला कामगार मात्र थोड्या जास्त पगारावर हत्तरगीची बस धरतो. कारागिरीचा हा एकतर्फी ओघ सीमाभागातील लघुउद्योगांची खरी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

पाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. हुक्केरी तालुक्यातच घटप्रभेवर हिडकल धरण असून त्याची साठवणक्षमता 51 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. बेळगाव शहराचे पिणे, बागलकोटपर्यंतचे कालवे व उद्योग यांची तहान त्याच साठ्यावर भागते. 2025 मध्ये हिडकलचे पाणी धारवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे नेण्याच्या योजनेला बेळगावात विरोध झाला, त्यामागे हीच भीती होती. यंत्रणाला पाणी बेताचे लागते. चिंता पृष्ठप्रक्रियेची असते. ॲनोडायझिंग (धातूवर संरक्षक थर आणणे) व तत्सम प्रक्रियांच्या टाक्यांतील आम्ले आणि क्रोमियमची संयुगे नाल्यात गेली, तर विहिरी व जमीन दीर्घकाळ बिघडतात. म्हणून अशा कारखान्यांवर सांडपाण्याच्या प्रक्रियेची सक्ती असते आणि गाळ घातक कचऱ्याच्या नियमांनुसार अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो. कुंपणापलीकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला यापैकी काहीच दिसत नाही. त्याच्या विहिरीच्या पाण्याची नियमित तपासणी होऊन निकाल ग्रामपंचायतीत कन्नड व मराठीत लावला जावा, एवढी अपेक्षा मुळीच जास्तीची नाही.

कारखाने मागणीशी किती घट्ट बांधलेले आहेत, हे एप्रिल 2020 मध्ये दिसले. साथीमुळे विमाने जमिनीवर राहिली आणि विमाने बनवणाऱ्या एअरबसने ए320 मालिकेचे उत्पादन महिन्याला 60 वरून 40 वर आणण्याचे जाहीर केले. फ्रान्समधील तुलूझ या एअरबसच्या मुख्यालयातल्या अशा एका निर्णयाचा परिणाम हुक्केरी तालुक्यातील पाळ्यांवर, त्यांच्या आधारावर खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांवर आणि बस व खानावळी चालवणाऱ्यांवर होतो. शेतीचे संकट पावसाबरोबर येते व शेजाऱ्यालाही दिसते. येथले संकट मागणीपत्रातून येते आणि कंत्राटी कामगाराला त्याची चाहूल सर्वांत शेवटी लागते.

नोकरभरतीत सीमाभागाचा गुंता अधिक ठळक होतो. कर्नाटकाच्या 2020–25 च्या औद्योगिक धोरणात सवलती घेणाऱ्या उद्योगांनी एकूण किमान 70 टक्के आणि ‘ड’ गटात, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत, 100 टक्के जागा कन्नडिगांना द्याव्यात, अशी अपेक्षा होती. जुलै 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकात स्थानिक उमेदवार म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, 15 वर्षे रहिवासी असलेला आणि कन्नड बोलता, वाचता व लिहिता येणारा, अशी व्याख्या होती. उद्योगांच्या विरोधानंतर ते विधेयक थांबवण्यात आले. या व्याख्येने खानापूर किंवा निपाणीचा मराठी मुलगा आपोआप बाहेर पडत नाही, कारण मराठी शाळेतही तो कन्नड शिकलेला असतो. अडतो तो गडहिंग्लज किंवा चंदगडचा आयटीआय झालेला फिटर. संकेश्वरचा बाजार आणि सोयरीक त्याच्या नेहमीच्या, हत्तरगी त्याला कोल्हापूरपेक्षा जवळ. पण नकाशावर तो परराज्यातला असतो. ज्या क्षेत्रात मालाला देशाची हद्द शिथिल केली आहे, त्याच क्षेत्राच्या दारात माणसाला राज्याची हद्द लागू होते.