लसूणघासाचा वाण म्हणजे एक रोप नव्हे

गव्हात एक उत्तम रोप निवडता येते आणि काही पिढ्यांत सगळे शेत त्याच्यासारखे करता येते. लसूणघास या चाऱ्याच्या पिकात हा मार्ग बंद आहे. त्याच्या पेशीत 32 गुणसूत्रे असतात: आठ प्रकारची, प्रत्येकाच्या चार-चार प्रती. स्वतःच्याच परागांवर बी धरायला लावले, तर पुढच्या पिढ्या झपाट्याने खुरटतात. मधमाशीने फूल दाबले की आतले केसर झटक्यात उसळून तिच्या अंगावर आपटतात आणि पराग दुसऱ्या रोपाकडे जातो. म्हणून अनेक निवडक रोपांचा आपसांत संकर घडवून 'सिंथेटिक' वाण तयार करतात. त्यातली दोन रोपे सहसा सारखी नसतात.

त्यामुळेच या पिकाची रोगप्रतिकारशक्ती टक्क्यांत मोजतात. अमेरिकेतल्या मोजपट्टीवर निम्म्याहून अधिक रोपे प्रतिकारक निघाली, तर वाणाला सर्वोच्च दर्जा मिळतो. आकडा तोकडा वाटेल, पण काही रोपे गेली तरी उरलेली जास्त फुटवे काढून जागा भरतात.

निवडीची पद्धत मात्र निर्दय आहे. कोवळ्या रोपांवर करप्याच्या बुरशीचे बीजाणू फवारायचे. बहुतेक मरतात. जगलेल्यांचा आपसांत संकर करायचा, त्यांचे बी पेरायचे, पुन्हा फवारायचे. जिवाणूजन्य मर रोगासाठी मुळे खणून, छाटून जिवाणूंच्या द्रावणात बुडवतात, रोपे पुन्हा लावतात आणि काही महिन्यांनी मुळे चिरून आतला पिवळा-तपकिरी डाग शोधतात.

एकसारखेपणाची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली आहे. तिथल्या कुरणांत पसरलेला टाउन्सव्हिल स्टायलो हा चारा स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागांवर बी धरणारा; त्यामुळे त्याची रोपे जवळपास सारखी. 1970च्या दशकात करपा आला आणि त्याची कुरणे उद्ध्वस्त झाली. त्याची जागा 'सेका' आणि 'व्हेरानो' या वाणांनी घेतली. पुढे 'सिरान' हा वाण तर अनेक प्रतिकारक वंश एकत्र करूनच दिला गेला.

उत्पादनवाढ याहून अवघड आहे. धान्यात ताटाची उंची कमी करून दाण्याचा वाटा वाढवता आला. चाऱ्यात जमिनीवरचे सगळेच कापले जाते, वाटा वळवणार कुठून? नुसते वजन वाढवू गेले तर बहुधा खोड वाढते, आणि प्रथिने तर पानांत असतात. म्हणून मला रोगप्रतिकार हाच उत्पादनाचा सर्वांत भरवशाचा रस्ता वाटतो: तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेतात किती रोपे उभी आहेत, त्यावरच त्या वर्षीच्या कापण्या ठरतात.